वाघ, शेळी, गवत आणि दुनळी

सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंग्याच्या आसपासच्या गावांत पेन्शनीवर आलेला माणूस आधी घरावर स्लॅब टाकतो, मग बारा बोअरचा परवाना काढतो आणि मग तालुक्याच्या कुठल्यातरी बँकेच्या दारात गनमन म्हणून उभा राहतो. आमच्या सुभेदार मामांनी हे तिन्ही केलं. पुढं बँकेची नोकरीही संपली, बंदूक मात्र राहिली. दुनळी. खंडेनवमीला झेंडूचं फूल घेऊन ती देव्हाऱ्यापुढं बसते, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकाल लागला की परत कपाटावर येते. शेतात रानडुकरं येतात म्हणून मामा तिला तेल देतात, पण तिनं आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही. डुकरांना हे माहीत असावं, कारण ती नेमानं येतात.

मामांचा नातू खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे सगळं गाव म्हणतं तसं एनडीएत, तीन वर्षं काढून पास आउट होणार होता. नोव्हेंबरअखेरची परेड. नातवाचे आईवडील परस्पर रेल्वेनं येणार होते. मामा-मामींना न्यायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या मेहुण्यानं ते माझ्या हातून काढून घेतलं. राज्य सरकारनं २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, ते महाराष्ट्रात आणखी किती जणांनी मनावर घेतलं मला ठाऊक नाही, मेहुण्यानं घेतलं. एक ट्रॅव्हलर घेऊन त्यात त्यानं पलंग, फ्रीज, शेगडी, बेसिन आणि ज्याचा उल्लेख तो दर पाच मिनिटांनी करतो ते टॉयलेट बसवलं. कागदोपत्रीही गाडी मोटारहोम आहे. ‘हॉटेलचा खर्च नाही, लॉजची कटकट नाही, आपलं घर आपल्याबरोबर,’ हे त्याचं पालुपद. मामांनी हे शेवटचं वाक्य फारच शब्दशः घेतलं, हे आम्हाला खंबाटकीच्या बोगद्यात कळलं.

मी मागच्या पलंगावर आडवा झालो होतो. गादीखाली काहीतरी लांबट, टणक लागत होतं. मला वाटलं, मेहुण्याच्या सुतारकामातली एखादी पट्टी वर आली असेल.

“मामा, हे काय आहे?”

“दुनळी हाय. कूस बदल, लागणार न्हाई.”

मेहुण्यानं बोगद्यातच ब्रेक मारला. मागच्या ट्रकवाल्यानं आमच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

“अहो मामा, आपण मिलिटरीच्या हद्दीत चाललोय!”

“मग? मी काय सर्कशीत हुतो? अठ्ठावीस वर्सं मिलिटरीतच हुतो न्हवं? सगळं घर बाहेर पडलंय. बंद घरात हत्यार ठिवायचं नसतंय. चोरीला गेलं तर परवाना बी गेला आन् मी बी गेलो.”

“दागिने कपाटात ठिवल्याती,” मामी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “बंदूक तेवढी गाडीत.”

खरं तर मामांनी सगळं कायद्यात बसवून आणलं होतं. परवाना महाराष्ट्रभर चालणारा, त्यामुळे सातारा सोडून पुण्यात शिरायला हरकत नाही. बंदूक रिकामी, गवसणीत बांधलेली. दहा काडतुसं वेगळी, स्टीलच्या डब्यात. हा डबा मामींचा होता आणि त्याच्या जोडीच्या डब्यात नातवासाठी चकल्या होत्या. दोन्ही डब्यांवर मामींचं नाव सारख्याच अक्षरात कोरलेलं. खेड शिवापूरच्या टोलपर्यंत मामींनी मामांशी अबोला धरला, तो बंदुकीवरून नव्हे, डब्यावरून.

‘रेकी केल्याशिवाय फौजी माणूस कुठं जात न्हाई,’ असं मामांचं म्हणणं, म्हणून आम्ही परेडच्या दोन दिवस आधीच पोचलो होतो. वारज्याहून आत वळून, शिवणे-उत्तमनगरची गर्दी कापत आमचं घर एनडीएच्या फाटकासमोर उभं राहिलं. डावीकडे लांब सिंहगड, मध्ये कुठंतरी धरणाचं पाणी.

फाटकावरच्या जवानानं हिंदीत विचारलं, “गाडी में क्या है?”

या प्रश्नाची मेहुणा वर्षभर वाट पाहत होता. त्यानं पलंगापासून सुरुवात केली. फ्रीजची लिटरं सांगितली. टॉयलेटशी तो पोचला तेव्हा मामा मागून, सरळ ताठ बसून म्हणाले, “एक दुनळी बंदूक, बारा बोअर. दस कारतूस. लायसन है.”

माझ्या अंगाला घाम फुटला. जवानाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यानं गाडी बाजूला घ्यायला लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि आतून एका नायब सुभेदाराला बोलावलं. नायब सुभेदारही मामांसारखेच मराठा लाइट इन्फंट्रीचे निघाले. मग काय! बेळगावच्या सेंटरपासून दोघांनी ओळख काढायला घेतली. कोण कुठल्या बटालियनचा, कोण कुणाचा उस्ताद, कुणाचा गुडघा कुठल्या पोस्टवर गेला. गप्पांना रंग चढला तसा मेहुण्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं हळूच गाडीचं स्टार्टर फिरवलं. तेवढ्यात नायब सुभेदार मामांना म्हणाले,

“साहेब, फक्त एक सांगा. माझ्या जागी तुम्ही असता, तर आत सोडलं असतं?”

“हाकलून दिलं असतं,” मामा क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. “आन् वर रिपोर्ट बी केला असता.”

“मग?”

“मग काय! रामराम.”

मामा परत येऊन बसले ते भलतेच खुशीत. ‘पोरगं तयार हाय,’ असं दोनदा म्हणाले. आपल्याला हाकलून दिल्याचा इतका आनंद झालेला दुसरा पाहुणा मी पाहिलेला नाही.

आणि फाटकानं का विश्वास ठेवावा? जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाईतळावर हल्ला करणारे एका पोलीस अधीक्षकाची निळा दिवा लावलेली गाडी पळवूनच तिकडे पोचले होते. गाडीवर दिवा असो की गाडीत टॉयलेट, फाटकाला दोन्ही सारखेच.

दुपारी आम्ही धरणापलीकडच्या एका ओळखीच्या रानात घर उभं केलं आणि विचार करायला बसलो. लहानपणी सगळ्यांनी घातलेलं कोडं: वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचा, होडीत एका वेळी एकच. इथं पाणी समोर होतं आणि कोडं त्याहून अवघड. बंदूक आत जाणार नाही. मामा आत गेले पाहिजेत. म्हणजे बंदूक बाहेर कुणाकडे तरी राहणार. पण शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना माणसाच्या ताब्यात बंदूक असणं हाच गुन्हा. परवानाधारकासमक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं ती दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा त्याच्याच वापरासाठी नेता येते. नातवाची परेड बघून होईपर्यंत भाच्यानं ती सांभाळावी, असं त्यात कुठं लिहिलेलं नाही. म्हणजे मामा बंदुकीपाशी थांबले पाहिजेत. मामा थांबले तर मामी आत जाणार कुणाबरोबर? माझ्याबरोबर. मग गाडीत मामा, मेहुणा आणि बंदूक. आणि ज्याच्यासाठी हा सगळा प्रपंच, तो नातू आत विचारणार, आजोबा कुठंत?

“मी गवत हाय का शेळी, तेवढं सांगा,” मामी म्हणाल्या.

समोर सिंहगडावर ऊन पडलं होतं. मामा बराच वेळ तिकडे बघत राहिले. “तानाजी घोरपड घिऊन गडावर गेला,” ते म्हणाले, “आन् मला दुनळी घिऊन फाटकातनं जाता येत न्हाई.” त्याच गडावर एनडीएच्या पोरांना शिक्षा म्हणून पळवत नेतात, हे नातवानं पत्रात लिहिलेलं होतं, तोही बरेचदा गेला होता, घोरपडीशिवाय.

रात्री मेहुण्यानं टेक्सासला फोन लावला. सॅन अँटोनिओला त्याचा कॉलेजातला मित्र असतो. मोटारहोमच्या बाबतीत त्याचा शब्द मेहुण्याला वेदवाक्य. या मित्राच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन सैनिक राहतो आणि त्याचा वर्षातला निम्मा काळ मोटारहोममधून भटकण्यात जातो. तिकडे लष्करी तळांवरच निवृत्तांसाठी गाड्या लावायच्या जागा असतात, त्यांना फॅमकॅम्प म्हणतात. पाणी, वीज, शेजारी जुने फौजी. मामांनी हे ऐकून कान टवकारले. आणि बंदुका? म्हाताऱ्याकडे दोन आहेत. मग तळावर नेतो की नाही?

मित्र हसला. त्याचं म्हणणं, त्या म्हाताऱ्याचा हिवाळा याच तिढ्यात जातो. राज्यानं दिलेला लपवून बंदूक बाळगायचा परवाना तळाच्या फाटकावर चालत नाही. तळाचा कमांडर ठरवेल तो नियम. एका तळावर आधी कळवून नोंद केली की चालतं, दुसऱ्यावर तळाच्या शस्त्रागारात जमा करा म्हणतात, तिसऱ्यावर आणूच नका म्हणतात. वाटेत राज्यं बदलतात तसे कायदे बदलतात. १९८६ च्या एका केंद्रीय कायद्यानं एवढीच सोय केली की बंदूक रिकामी आणि हाताला लागणार नाही अशी बंदिस्त असेल, तर निघाल्या आणि पोचायच्या ठिकाणी ती बाळगणं कायदेशीर असलं की मधल्या राज्यातून नेता येते. पण ज्या गाडीत माणूस झोपतो त्याच गाडीत हाताला न लागेल अशी जागा कुठली? म्हाताऱ्याच्या मते ते टॉयलेट आहे.

“आमच्या गाडीतही आहे!” मेहुणा ओरडला.

“पण मोटारहोम म्हणजे घरच की,” मी मध्ये तोंड घातलं. “घरातलं हत्यार घरात आहे, असं नाही म्हणता येत?”

ती गंमतही तिकडे होऊन गेलेली आहे. सॅन डिएगोत उभ्या असलेल्या एका मोटारहोमची अमली पदार्थविरोधी अधिकाऱ्यांनी वॉरंटशिवाय झडती घेतली, प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८५ साली निकाल लागला: जे घर किल्ली फिरवली की निघून जातं, ते झडतीपुरतं गाडीच. मेहुण्याचा चेहरा पडला. त्याच्या घराला सर्वोच्च न्यायालयानं गाडी म्हटलं होतं, तेही परदेशी.

त्या मित्रानं फोर्ट हूडची आठवणही काढली. टेक्सासमधल्याच त्या तळावर नोव्हेंबर २००९ मध्ये एका लष्करी डॉक्टरनंच स्वतः विकत घेतलेल्या पिस्तुलानं तेरा जणांचा जीव घेतला. फाटकावरच्या माणसाला मग सगळ्यांचीच बंदूक सारखी दिसते. मामा गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, “आपल्याकडं युनिटात पेन्सिल सुद्धा सही करून घ्यावी लागती, त्येच बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात. कुठलं, ते सांगत नाही. चहा चांगला होता. मामांनी परवान्याचं पुस्तक, आधार कार्ड आणि पेन्शनचं कार्ड टेबलावर पत्त्यांसारखं मांडलं आणि बंदूक दोन दिवस जमा करून घ्या म्हणाले. ठाणे अंमलदारांनी परवाना उलटसुलट पाहिला.

“आचारसंहिता लागली की आणा. तेव्हा गठ्ठ्यानं घेतो.”

“आत्ता काय अडचण हाय?”

“आत्ता कारण काय लिहू? परवाना चालू आहे, मुदत आहे. गुन्हा नाही, वारसाहक्काचा वाद नाही. कलम एकवीस बघा: ताबा बेकायदेशीर झाला की जमा करायची. तुमचा ताबा कायदेशीर आहे हो.”

मामांना हा आयुष्यातला सर्वांत मोठा अपमान वाटला. त्यांनी तेच कलम घेतलं. त्यात पोलीस ठाण्याबरोबर आणखी दोन जागा सांगितल्या आहेत: परवानाधारक विक्रेता आणि, माणूस सैन्यदलात असेल तर, त्याच्या युनिटचं शस्त्रागार. नौदलाच्या जहाजावरचं शस्त्रागारसुद्धा त्यात धरलंय. मामा म्हणाले, मग एनडीएचं शस्त्रागार का नको? अंमलदार म्हणाले, तुम्ही सैन्यात होता, आहात असं नाही. “होता आणि आहे, यात एक पेन्शन असते,” असंही म्हणाले, आणि त्यांना स्वतःलाच ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मागच्या टेबलावरच्या हवालदाराला पुन्हा ऐकवलं.

मग त्यांनी परवान्याच्या मागच्या अटी वाचायला घेतल्या. जत्रेत नेऊ नये. धार्मिक मिरवणुकीत नेऊ नये. सार्वजनिक जमावात नेऊ नये. शिक्षणसंस्थेच्या आवारात नेऊ नये.

“एनडीए काय आहे?” त्यांनी विचारलं.

“मिलिटरी.”

“पोरांना जेएनयूची पदवी मिळते. म्हणजे शिक्षणसंस्था पण आहे. परेडला किती माणूस येणार? म्हणजे सार्वजनिक जमाव पण आहे. आणि गाडी कुठं लावलीय?”

“धरणाजवळ.”

“शनिवार-रविवार खडकवासला चौपाटी बघितलीय? कणसं, भजी, फुगे, घोडे. ती जत्रा नाही तर काय?”

“मग आम्ही उभं तरी राहायचं कुठं?” मेहुण्यानं कळवळून विचारलं.

“चालत राहा. घर चाकावर आहे ना तुमचं?”

पण माणूस बरा होता. त्यानंच शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. तिथं जायला शिवणे-नांदेडच्या अरुंद पुलावरून सिंहगड रस्त्याला निघू, अशी मेहुण्याची कल्पना. पूल मुठेच्या पात्रात इतका खाली आहे की धरणातून पाणी सोडलं की तो पाण्याखाली जातो. त्या दिवशी कोरडा होता, पण समोरून ऊस घेऊन ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर घरापुढं थांबला, घर ट्रॅक्टरपुढं. शेवटी मेहुणा ज्या गतीनं मागं आला, ती पाहून मामी म्हणाल्या, “ह्येच्यापरास पानशेत फुटलं तवा लोकं लवकर बाहेर पडली असतील.” मामींना १२ जुलै १९६१ आठवत नाही, त्या तेव्हा पाळण्यात होत्या, पण पानशेतची उपमा घाटावर वारशानं येते. खडकवासला धरणही त्याच पुरात फुटलं होतं, हे मात्र पलीकडच्या चौपाटीवर कणीस खाणाऱ्यांना बहुधा आठवत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी धरणाची डागडुजी करून पुणं आजही तेच पाणी पितं.

बंदूकवाल्याचं दुकान जुनं, अरुंद आणि थंड. म्हाताऱ्या मालकांनी चष्मा लावून दुनळीचा नंबर वाचला, मोठ्या रजिस्टरात उतरवला, नळ्यांतून उजेडाकडे बघितलं आणि “तेल चांगलं दिलंय,” एवढं म्हणाले. मामांची कळी खुलली. मग काडतुसं. मामींनी डबा पुढं केला. मालकांनी झाकण काढलं. चकल्या.

“आदी खावा,” मामी शांतपणे म्हणाल्या, “मग मोजा.”

ठेवण्याचं भाडं, पावती, सही, अंगठा नको म्हटलं तरी मामांनी उत्साहानं दिलेला अंगठा. वाघ पार झाला. रविवारी दुकान बंद असतं, एवढी एक गोष्ट दारावरच्या पाटीवर लिहिलेली होती आणि आमच्यापैकी एकानंही ती वाचली नाही.

परेडच्या सकाळी फाटकावर तोच जवान होता. त्यानं मेहुण्याला काही विचारायच्या आत मामा दोन्ही हात वर करून म्हणाले, “कुछ नहीं है. चकली है.” गाडी तपासली गेली, टॉयलेटसुद्धा. इतक्या गांभीर्यानं ते पहिल्यांदाच कुणीतरी पाहिलं, म्हणून मेहुणा दिवसभर प्रसन्न होता.

परेडचं वर्णन करायला मामाच हवेत. मला फक्त खेत्रपाल मैदानावर एका तालात आपटणारे बूट, मागं सुदान ब्लॉकचा घुमट आणि डोक्यावरून गेलेली विमानं आठवतात. त्या घुमटाच्या इमारतीला सुदाननं देणगी दिली होती, दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या भूमीसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ. मामींचं लक्ष मात्र मुलींवर. मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा मुली इथून पास झाल्या. आता रांगेत मुली असणं हे बघण्यासारखं राहिलेलं नाही, पण मामी बघत होत्या. नातीला पाठवायचं, हे त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. नात आठवीत आहे आणि तिला भरतनाट्यम शिकायचंय.

मामा शेकडो रायफलींकडे बघत माझ्या कानात पुटपुटले, “एवढ्या बंदुका आत हायत. आमचीच तेवढी बाहेर.”

दुसरं वाक्य ते बोलणार होते, पण ‘अंतिम पग’ आला. त्या पायरीवरून पुढं गेलं की कॅडेटचं कॅडेटपण संपतं. नातू गेला. मामा उभे राहिले, आणि मागच्या रांगेतल्या बाईंना पुढचं काही दिसलं नाही.

रविवारी दुकान बंद. मग सगळं कुटुंब, सुट्टीवर सुटलेल्या नातवासकट, धरणाच्या कडेला मोटारहोमात. खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारी पुण्यातला प्रत्येक माणूस येतो आणि त्यातले निम्मे आमच्या गाडीत डोकावून गेले. ‘भाड्यानं देता का?’, ‘टॉयलेट वापरू का?’ दुसऱ्या प्रश्नानं मेहुण्याचा जीव कात्रीत सापडला: दाखवायची हौस तर दांडगी, वापरू द्यायचं नव्हतं. मामांचं मन कशातच नव्हतं. रात्री उठून गादीखाली हात घालायचे, काही लागत नाही म्हटल्यावर पुन्हा झोपायचे. नातू एकदा म्हणाला, “आजोबा, विकून टाका ना ती.” मामांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तीन वर्षांच्या रगड्यात त्याला कुणी तसं पाहिलं नसेल.

सोमवारी दुनळी परत आली. नळ्यांत मामांनी पुन्हा उजेड बघितला. घाट चढताना त्यांनी नकाशा मागितला. नातू आता वर्षभर डेहराडूनला, इंडियन मिलिटरी अकॅडमीत. वर्षानं तिथली परेड. मोटारहोम जाईल का? मेहुणा म्हणाला, जाईल की. मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश, मग उत्तराखंड, रस्ता झक्कास. मामांनी नकाशावर बोट फिरवलं. प्रत्येक सीमेपाशी ते थांबत होतं.

“परवाना महाराष्ट्राचा हाय,” ते म्हणाले. “अखिल भारतीय करून घ्यावा लागंल.”

गावी पोचल्यावर त्यांनी अर्ज लिहायला घेतला. नाव, पत्ता, हत्याराचा नंबर, सगळं ठळक अक्षरात. ‘कारण’ या रकान्यापाशी बराच वेळ पेन अडलं. मग त्यांनी लिहिलं: स्वसंरक्षण.

मामींनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “कुणापासनं?”